घर्षण नगण्य मानून

अप्लाइड मॅथेमॅटिक्सच्या पुस्तकात एक कण राहतो. त्याला वस्तुमान असतं, आकार नसतो. तो गुळगुळीत उतारावरून घसरतो, उभ्या वर्तुळात फिरतो, दोरीला बांधला तर लंबक होतो आणि दोरी तुटली तर निमूटपणे स्पर्शिकेच्या दिशेने निघून जातो. त्याला चक्कर येत नाही. त्याने सकाळी मिसळ खाल्लेली नसते. माझी सगळी नोकरी या कणाच्या जिवावर झाली. उभ्या वर्तुळाच्या तळाशी त्याला किमान किती वेग द्यावा म्हणजे तो माथ्यावरून न पडता पार होईल, हे गणित मी इतक्या वर्गांना घातलंय की वर्तुळ काढताना मला फळ्याकडे बघावंसुद्धा लागत नाही. कणाच्या जागी आपल्याला कुणी बसवेल, ही शंका मात्र कधी आली नव्हती.

मग नवं शैक्षणिक धोरण आलं आणि त्याच्यामागून ‘फील्ड प्रोजेक्ट’ आला. वनस्पतिशास्त्रवाले रानात गेले, भूगोलवाले नदीवर गेले, मराठीवाल्यांनी वाड्या-वस्त्यांवर जाऊन ओव्या गोळा केल्या. गणितवाल्यांनी जायचं कुठे? विभागाच्या मीटिंगमध्ये मी सहज बोलून गेलो, की अमेरिकेत मोठमोठ्या उद्यानांत शाळा-कॉलेजांसाठी ‘फिजिक्स डे’ भरतो, पोरं रोलर कोस्टरवर बसून त्वरण मोजतात. तेवढ्यात चहा आला, म्हणून विषय संपला असं मला वाटलं. मिनिट्समध्ये तो ‘सर्वानुमते मंजूर’ असा उतरला आणि समन्वयक म्हणून खाली माझं नाव.

लेखा विभागाने फाइल परत पाठवली. ‘मनोरंजन’ या शीर्षाखाली तरतूद नव्हती. मी जाऊन सांगितलं, हे मनोरंजन नाही, अभिकेंद्री बलाचा प्रत्यक्ष अभ्यास आहे.

“मग पाण्यातल्या राइडचं काय, सर?”

“द्रवगतिशास्त्र.”

क्लार्कने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सही केली. त्या नजरेत जी दया होती, तिचा अर्थ मला परतीच्या वाटेवर कळला.

एस.टी. प्रासंगिक करारावर घेतली होती. उद्यान घाटाखाली होतं, म्हणजे बोरघाट उतरणं आलं. घाट लागला की मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसतो. पोरांना मी सांगितलं, वक्रतेचा अभ्यास करतोय. खरं कारण पोटात होतं. पण बसल्या बसल्या एक गोष्ट दिसली आणि मी उठून वर्गच घेतला. वळण आलं की ड्रायव्हर स्टिअरिंग एकदम फिरवत नव्हता. एका लयीत, हळूहळू फिरवत होता आणि तसंच हळूहळू सोडत होता. वेग तोच ठेवून स्टिअरिंग असं सावकाश वाढत्या कोनात फिरवलं, की गाडी जो मार्ग काढते त्याची वक्रता अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. हाच तो क्लोथॉइड, ऑयलरने अठराव्या शतकात अभ्यासलेला वक्र. रेल्वेवाले सरळ रुळाला वर्तुळाचा तुकडा थेट जोडत नाहीत, मध्ये अशाच प्रकारचं संक्रमणाचं वळण घालतात, नाहीतर डब्यातली माणसं एकमेकांच्या अंगावर जातील. मी म्हटलं, हे ड्रायव्हरमामा आयुष्यभर घाटात ऑयलरचा वक्र काढतायत आणि त्यांना त्याचे क्रेडिट कुणी दिलेले नाहीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरमामा म्हणाले, “मास्तर, खाली बसा. पडाल.”

आमच्या वर्गात दोन विद्यार्थी आहेत, बाकीचे उपस्थित असतात. एक पहिल्या बाकावरची, जिला प्रत्येक गोष्ट सिद्ध करून हवी असते. दुसरा शेवटच्या बाकावरचा, जो वहीत काही लिहीत नाही आणि नेमका नको तेव्हा बरोबर बोलतो. पहिल्या बाकावरचीने रात्रभर जागून प्रोग्राम लिहिला होता. उद्यानातल्या दहा राइड्स कोणत्या क्रमाने घेतल्या तर पायपीट सगळ्यात कमी होईल, हा प्रश्न. दहा राइड्सचे क्रम होतात ३६,२८,८००. माणसाने हाताने तपासायचे म्हटले तर निवृत्ती येईल, लॅपटॉपने गेटवर तिकिटं फाटेपर्यंत उत्तर दिलं. इष्टतम मार्ग! मी त्याची प्रिंट सगळ्यांना वाटली आणि ‘शिस्तीत या क्रमानेच जायचं’ असं बजावलं.

क्रमांक दोनला नावेतून धबधब्याखाली जायची राइड होती, कारण ती गेटच्या जवळ होती. आमच्या मॉडेलमध्ये अंतर होतं, ओलेपणा नव्हता. सकाळी साडेदहाला आलेख कागद, निरीक्षण वह्या, प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि मी, सगळे एकाच वेळी गच्च भिजलो. खिशातल्या शाईच्या पेनाने माझ्या पांढऱ्या शर्टावर डाव्या बाजूला कोकणच्या किनारपट्टीचा नकाशा काढला. बंधनं, म्हणजे कन्स्ट्रेंट्स, नीट मांडली नाहीत तर इष्टतम उत्तर किती निरुपयोगी असतं, हे मी दर वर्षी तोंडी सांगतो. या वर्षीच्या बॅचला ते पुन्हा सांगावं लागणार नाही.

भिजलेले आम्ही समुद्री चाच्यांच्या जहाजाकडे गेलो. मोठा लंबक, आवर्तकालाचं सूत्र सगळ्यांना पाठ, स्टॉपवॉच मोबाइलमध्ये. निरीक्षण आणि सूत्र जुळेना. सूत्र लघुकोनासाठी असतं आणि हे जहाज जवळजवळ आडवं होत होतं. झोका बाजूला ६० अंशांपर्यंत गेला तर आवर्तकाल सूत्रापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त भरतो, ९० अंशांपर्यंत गेला तर १८ टक्के. शिवाय खालून मोटार ढकलत असते ती वेगळीच. हे सगळं मी जमिनीवरून समजावलं. “सर, तुम्ही बसून बघा ना,” असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी वेळेचं भान दिलं.

आकाशपाळण्याची उंची काढणं हा माझा आवडता प्रयोग. कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवायची, मधल्या भोकातून दोरा सोडून त्याला नट बांधायचा, स्ट्रॉमधून टोकाकडे बघायचं. ४५ अंश दिसेपर्यंत मागे सरकत जायचं, कारण टॅन ४५ म्हणजे एक. आपण पायथ्यापासून जितके लांब, तितकीच आपल्या डोळ्यांपासून वरची उंची. सोपं, सुंदर, शाळेतलं. त्रिकोणमितीच्या पुस्तकात मागे सरकणाऱ्या निरीक्षकाच्या मागे कुणी उभं नसतं, एवढंच. बरोब्बर ४५ अंश मिळाले तेव्हा मी एका कुटुंबाच्या फोटोच्या मध्यभागी पोचलो होतो. कुणाच्या तरी घरच्या अल्बममध्ये आजोबा आणि नातवंडांच्या मधोमध, छातीवर कोकण घेऊन, एका डोळ्याने स्ट्रॉमधून आकाशाकडे बघणारा मी आहे.

हा प्रकार सुरक्षारक्षक लांबून बघत होता. दोरा, नट, कोनमापक, वहीत आकडे. तो गेला आणि एका सुटातल्या गृहस्थांना घेऊन आला. त्यांनी हात जोडून विचारलं, “साहेब, इन्स्पेक्शन आहे का? आधी कळवलं असतं तर…” मी सांगितलं, गणिताचा प्राध्यापक आहे. त्यांचा चेहरा खुलला, माझा उतरला. त्यांना धरून मी जॉर्ज फेरिसची गोष्ट सांगायला घेतली. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याने २६४ फूट उंचीचा पाळणा उभारला, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं, एका फेरीत दोन हजारांच्या वर. गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, “छान. पण दोरा जरा आत ठेवा, लोक घाबरतात.” जत्रेतल्या लाकडी पाळण्यावर ही वेळ आली नसती. तिथे पाळणेवालाच उंची सांगतो, आणि ती दर जत्रेला वाढते.

मग मुख्य राइडची, म्हणजे रोलर कोस्टरची, रांग. आता खरं सांगायचं तर रांगेचं गणित मला रोलर कोस्टरच्या गणितापेक्षा जास्त आवडतं, कारण ते उभ्या उभ्या करता येतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९०९ मध्ये त्याची सुरुवात केली. प्रश्न साधा होता, एकाच वेळी किती लोक फोन लावतील आणि किती जण ताटकळतील. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटलने एक नियम सिद्ध केला, जो इतका सोपा आहे की पोरांचा त्यावर विश्वास बसत नाही: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाची सरासरी प्रतीक्षा. लोक कसे येतात, घोळक्याने की एकेकटे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी आवाज चढवून मांडलं: आपल्या पुढे साधारण ३००. गाडीत एका वेळी २४, दर दोन मिनिटांनी गाडी, म्हणजे मिनिटाला १२. तीनशे भागिले बारा, पंचवीस. “पंचवीस मिनिटांत आपण गाडीत.”

आमच्या मागे एक आजी होत्या, नऊवारी, पायात स्पोर्ट्स शूज, हाताशी नात. त्या म्हणाल्या, “मास्तर, पाऊण-एक तास लागंल.”

मी हसलो. माझ्याकडे प्रमेय होतं.

पंचवीस मिनिटांनी आम्ही निम्म्यावर होतो. शेजारून एक छोटी रांग भराभर पुढे सरकत होती, जास्त पैसे भरलेल्यांची. गाडीतल्या निम्म्या जागा तिकडे जात होत्या. प्रमेय चुकलं नव्हतं, मिनिटाला आमच्या वाट्याला बारा नाही, सहाच येत होते. मी आजींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी पुढे बोट दाखवलं. “तो लाल शर्टवाला बघा. आपन आलो तवा त्या खांबापाशी होता. दहा मिनटांत या खांबापाशी आला. तवा अजून तसं पाच खांब होते.” शेवटच्या बाकावरच्याने वहीत काहीतरी लिहिलं. मी त्याला वहीत लिहिताना पहिल्यांदाच पाहत होतो. नंतर बघितलं तर ‘आजींची पद्धत’ असं शीर्षक देऊन अधोरेखित केलं होतं.

त्या तासाभरात मी पोरांना लूपचा इतिहास सांगितला, आणि तो सांगणं हा माझ्या दृष्टीने घात ठरला. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी आली, तिचा लूप अगदी गोल होता. सरळ रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरायची आणि बसणाऱ्याच्या मानेवर एका झटक्यात सगळा भार यायचा. बारा जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या बारापट, जोर बसायचा असं सांगतात. लोकांच्या माना धरायच्या आणि ती राइड फार काळ टिकली नाही. गोल लूपचा पिच्छा खऱ्या अर्थाने सुटला तो १९७६ मध्ये, जेव्हा जर्मनीच्या वेर्नर श्टेंगेलने कॅलिफोर्नियातल्या गाडीसाठी क्लोथॉइड वापरला. खाली त्रिज्या मोठी, माथ्यावर लहान. घाटातल्या ड्रायव्हरमामांचा वक्र, उभा केलेला.

“सर, आणि गोल असता तर?” शेवटच्या बाकावरचा.

फळ्यावरचं उत्तर तोंडातून आपोआप निघालं. घर्षण नगण्य मानून, गोल लूप जेमतेम पार करायचा म्हटलं तरी गाडी लूपच्या तळापासून त्रिज्येच्या अडीचपट उंचीवरून सोडावी लागते, आणि मग तळाशी भार सहापट.

“म्हणजे सर, तुमचं वजन?”

ब्याऐंशी किलो. सहापट म्हणजे ४९२. जवळजवळ अर्धा टन मी. तोवर रांग इतकी पुढे आली होती की बाहेर पडायला वाट नव्हती. मागे आजी होत्या. त्यांच्यासमोर मागे फिरणं शक्यच नव्हतं.

डबा निवडताना मी डोकं चालवलं. पुढे बसलं तर दरी दिसते, शेवटी बसलं तर झटका बसतो. बुद्धिमान माणूस मध्ये बसतो. टोकं टाळावीत, सरासरीला धरून राहावं, हा संख्याशास्त्राचा आणि मध्यमवर्गाचा एकच सल्ला आहे. पहिल्या बाकावरचीने माझ्या दंडाला क्रेप बँडेजने फोन बांधला. त्यातलं ॲप तिन्ही दिशांचं त्वरण सेकंदाला शंभर वेळा नोंदवणार होतं. तुलनेसाठी तिने स्वतःच्या दंडालाही एक बांधला. खांद्यावरून दांडा खाली आला. गाडी बराच वेळ सुटली नाही. मग सुटली.

चढावर आवाज येतो, साखळीचा. तेवढा वेळ मी स्थितिज ऊर्जेचा विचार केला. माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळली आणि मग तो उतार. मुक्त पतनात त्वरणमापक शून्य दाखवतो, हे मी दर वर्षी शिकवतो आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं, ‘सर, पडताना शून्य कसं?’ तसंच. वजन जाणवत नाही. मी वजनरहित झालो, चष्मा वजनरहित झाला, मिसळही झाली. त्यानंतर तळ आला आणि सगळ्यांची वजनं व्याजासकट परत मिळाली. लूप कधी गेला ते कळलं नाही, कारण डोळे मिटलेले होते. पुढचं अहवालात लिहिलेलं नाही, इथेही नको.

खाली बाकावर मला लिंबू सरबत पाजताना शेवटच्या बाकावरच्याने शांतपणे समजावलं. “सर, गाडी कण नाही ना, माळ आहे. सगळ्या डब्यांचा वेग कुठल्याही क्षणी सारखाच. वेग जास्तीत जास्त कधी? गाडीचा मध्य सगळ्यात खाली असतो तेव्हा. त्या वेळी तळाशी कोण असतं? मधला डबा. म्हणून तळाशी सगळ्यात जास्त दाब मधल्याला. पुढच्या-मागच्या डब्यांना तिथे जरा कमीच.” मी विचारलं, हे तुला कधी सुचलं? “रांगेत. पण तुम्ही इतकं ठरवून बसलात, मला वाटलं तुम्हाला महत्तम किंमत घ्यायचीय.”

आजी तेवढ्यात नातीला घेऊन पुन्हा रांगेकडे निघाल्या होत्या.

खरा घाव आठवड्याने बसला. पहिल्या बाकावरचीने दोन्ही फोनचे आलेख काढले. उतार, दरी, लूप, सगळं दोन्हीत ठळक, हेवा वाटावा असं. मग तिने त्यावर फूरिये विश्लेषण केलं, म्हणजे त्या कंपनात कोणकोणत्या वारंवारता मिसळल्यात ते वेगळं केलं, आणि माझ्याकडे आली.

“सर, एक शंका आहे. तुमच्या आलेखात दहा हर्ट्झच्या आसपास एक शिखर आहे. पण ते गाडी सुटण्याआधीचं आहे. स्टेशनवर गाडी उभी होती.”

“मोटारचं व्हायब्रेशन असेल,” शेवटच्या बाकावरचा म्हणाला. त्याचा हा चांगुलपणा मी विसरणार नाही.

“मग माझ्या फोनमध्येही दिसलं असतं. मी शेजारीच होते.” तिने वाचून काढलं होतं. माणसाच्या हाताला मुळातच सेकंदाला आठ ते बारा वेळा असा बारीक कंप असतो, सगळ्यांना असतो. भीतीने तो वाढतो. तिच्या आलेखात तो शोधावा लागत होता. माझ्या आलेखात तो लपवावा लागला असता. मी सुचवलं की आकृती ७ वगळावी, अहवाल लांबतोय. तिने विचारलं, “का, सर?” सिद्ध करून हवं होतं. आकृती ७ राहिली. खाली ‘निरीक्षक : समन्वयक’ असं लिहिलंय आणि त्याच पानावर माझी सही आहे, कारण नियमानुसार समन्वयकाने प्रत्येक पानावर सही करायची असते.

बहिस्थ परीक्षकांनी अहवाल चाळला. मॉडेल, चाच्यांचं जहाज, ‘आजींची पद्धत’ यांवरून नजर फिरवून ते आकृती ७ वर थांबले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आकृतीकडे बघितलं आणि म्हणाले, “डेटा अस्सल दिसतो.” पूर्ण गुण दिले.

तेव्हा गणिताच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती. पोरांना न्या, नक्की न्या. फळ्यावर दहा तासांत जे उतरत नाही ते तिथे एका रांगेत उतरतं. पाण्याची राइड शेवटी घ्या, तुमचा प्रोग्राम काहीही म्हणो. रांगेचा अंदाज हवा असेल तर लाल शर्ट शोधा. मधला डबा सोडा. आणि दंडाला फोन बांधायला कुणी आलं, तर सांगा की बॅगा सांभाळायला कुणीतरी लागतंच. लागतंही खरोखर. बत्तीस बॅगा असतात.